बाबांची फ्रेंच मंडळी

अन्वीच्या बोर्डाच्या पेपरांची यादी फ्रीजवर लावली आहे. पेपरचं नाव, त्याखाली आदल्या दिवशी कशाची उजळणी करायची ते, त्याखाली डब्यात काय. पारदर्शक पाऊच, दोन पेनं, लेबल काढलेली पाण्याची बाटली. मला याद्या करायला आवडतात. काम कागदावर उतरलं की डोक्यावरून उतरतं. फक्त एक गोष्ट मी कुठल्याच यादीत घातलेली नाही. अन्वीला सोडल्यावर मी कुठे जाते, ही.

मी कुठेही जात नाही. दुबईत ऊद मेथाला तिच्या परीक्षा केंद्राच्या मागच्या गल्लीत भिंतीलगत कडुनिंबाची झाडं आहेत, तिथे गाडी लावते आणि बसून राहते, पेपर नसेल त्या दिवशीही. जेबल अलीतल्या ज्या कंपनीत मी मालाच्या जहाजांची वेळापत्रकं सांभाळायचे, तिथली माझी जागा गेल्या महिन्यात बंद झाली. मॅनेजर सौजन्यानं बोलला, मीही सौजन्यानं ऐकलं. माझं ओळखपत्र त्यांनी परत घेतलं. गळ्यातला निळा पट्टा तेवढा माझ्याकडे राहिला. तो पट्टा मी रोज सकाळी गळ्यात घालते, टोक जॅकेटच्या आत सरकवते, लिपस्टिक लावते आणि डिस्कव्हरी गार्डन्समधून मुलीला घेऊन निघते. तिला वाटतं, आई पुढे ऑफिसला जाते.

नवरा त्याच्या आईच्या आजारपणामुळे सध्या पुण्यात आहे. त्याला सांगितलंय. अन्वी माझ्या व्हिसावर आहे, पण आता नियम बरे आहेत, मुदत मिळते. तिची परीक्षा सुखरूप पार पडेल, हे मी तीन ठिकाणी विचारून पक्कं केलं आहे. मग लपवतेय कशासाठी? याचं उत्तर मला ठाऊक आहे आणि ते एका शब्दाचं आहे. लाज.

ही लाज माझ्या ओळखीची आहे. तिला वाससुद्धा आहे. उन्हात तापलेल्या रेक्झिनच्या सीटचा, डब्यातल्या बटाट्याच्या काचऱ्यांचा आणि सारखी फिरून गरम झालेल्या कॅसेटच्या प्लास्टिकचा.

नव्वदचं दशक संपत आलेलं. मार्चच. इथला मार्च म्हणजे हिवाळ्याचं शेवटचं चांगलं वागणं. सकाळी काचेवर दव, दुपारी त्याच काचेला हात लावला तर चटका. आम्ही तेव्हा शारजात अल नहदाला राहायचो. इमारती कमी, वाळू जास्त. मी बारावीला. बाबा देरातल्या एका ट्रेडिंग कंपनीत अकाउंट्स बघायचे आणि गणपतीत मंडळात नाट्यगीतं म्हणायचे. रोज सकाळी ते मला त्यांच्या जुन्या पांढऱ्या गाडीतून शारजा-दुबई सरहद्दीवरच्या गर्दीतून ऊद मेथाला सोडत आणि पुढे कामावर जात. गाडीच्या टेपला ऑटो-रिव्हर्स होता. एक बाजू संपली की खट्ट आवाज करून तो आपोआप दुसरी बाजू सुरू करी, ती संपली की पुन्हा पहिली. बंद करेपर्यंत त्या गाडीत गाणं संपतच नसे.

माझी मैत्रीण शबाना श्रीवर्धनची. तिचा मोठा भाऊ जहाजावर होता. फ्रान्समधल्या मार्सेच्या बंदरात उतरला की तो तिथल्या फुटपाथवरून कॅसेटी उचलून आणायचा, काय आहे ते न बघता. त्यातली एक शबानानं मला दिली. कव्हरवर बर्फातली काळी झाडं आणि पांढरं तोंड रंगवलेली चार माणसं.

"भाईजाननं दोन मिनिटं ऐकली नि अम्मीला म्हणाला, हिच्यात जिन आहे," शबाना म्हणाली. "तुला आवडेल. तू पण वरून गप्पच असतेस गो."

ब्लॅक मेटल हा शब्द मला फार उशिरा कळला. तेव्हा एवढंच कळलं, की वॉकमन लावला की आधी नुसती खरखर येते, वाळूचं वादळ खिडकीच्या फटीतून शिरावं तशी, मग त्या खरखरीतून गिटार वर येते, हजार माश्यांच्या घोंगावण्यासारखी. खाली ड्रम इतका जलद, की तो ठोके न राहता शिवणयंत्रासारखा एकच सलग आवाज होतो. आणि त्या सगळ्याच्या मागून, बंद दाराआडून कुणीतरी ओरडतंय. फ्रेंचमध्ये. एक शब्द कळत नव्हता. माझ्या शहाण्यासुरत्या, ओळी आखलेल्या वह्यांच्या जगात त्या माणसाला कुणाचीच भीड नव्हती. मी कव्हरला ब्राउन पेपर लावला, वर लिहिलं 'ऑप्टिक्स', आणि ऐकत राहिले.

त्यांच्या बँडचं नाव मला आजही धड उच्चारता येत नाही. आमच्या घरात त्यांना जे नाव पडलं तेच वापरते.

परीक्षेच्या हॉलमध्ये वॉकमन न्यायचा नसे, म्हणून पहिल्या पेपरला तो कॅसेटसकट गाडीच्या खणात ठेवला. पेपर सुटल्यावर बाबा न्यायला आले. घरी जाताना मध्येच म्हणाले, "तुझी ती ऑप्टिक्सची कॅसेट ऐकली."

मी खण उघडून पाहिला. वॉकमन रिकामा होता.

"रेकॉर्डिंग काय मोरीत केलंय?"

मी प्रश्नपत्रिकेची घडी घालत राहिले.

"आणि तो मुलगा. गळा सांभाळत नाही अजिबात. चाळिशीत आवाज जाणार त्याचा." थोड्या वेळानं, सिग्नलला थांबल्यावर, "पण दम आहे. श्वास कुठे घेतो ते मला सापडलं नाही."

मला तेव्हा शरमल्यासारखं झालं, कपड्यांच्या कपाटात काही लपवलेलं सापडावं तसं. श्वास कुठे घेतो हे शोधायला एखादी कॅसेट किती वेळा ऐकावी लागेल, असा विचारही माझ्या मनात आला नाही. दुसऱ्या पेपरनंतर त्यांनी सांगितलं, की चौथ्या गाण्यात गिटारवाल्याची एक तार उतरलेली आहे आणि ती त्यांनी तशीच ठेवली. तिसऱ्या पेपरनंतर म्हणाले, "ही फ्रेंच मंडळी आपल्या मंडळापेक्षा बरी. तालमीला वेळेवर येत असणार. एवढ्या वेगात एकत्र राहायचं म्हणजे खायचं काम नाही."

आई एकदा सकाळी डब्याबरोबर एक छोटी उशी घेऊन खाली आली आणि ड्रायव्हरच्या सीटवर पाठीशी ठेवली. "ऑफिसची खुर्ची कडक आहे म्हणे," ती म्हणाली. बाबांनी आरशात बघत टाय सारखा केला. ऑफिसच्या खुर्चीसाठीची उशी गाडीत का, हे मी विचारलं नाही. केमिस्ट्री होती त्या दिवशी.

मग शबाना. पेपरनंतर आम्ही फाटकाशी उत्तरं ताडून बघत होतो. मध्येच तिनं विचारलं, "तुझे बाबा रोज इथंच असतात ना? मागच्या गल्लीत?"

"म्हणजे?"

"अम्मी बसनं येते जाते तेव्हा बघते. सकाळपासून. गाडीतच असतात, ती जिनवाली कॅसेट लावून."

मी पटकन म्हटलं, "रजा टाकलीय त्यांनी. माझ्या परीक्षेसाठी."

शबाना माझ्याकडे बघत राहिली. तिच्या बोलण्यात वाईटपणा कधीच नसे, पण तिला राहवायचंही नाही. "टाय लावून रजा?"

गल्फमध्ये वाढलेल्या पोरीला पुढचं समजावून सांगावं लागत नाही. नोकरी गेली की व्हिसा जातो, व्हिसा गेला की घर, शाळा, बोर्डाचा हॉल, सगळं. आमच्या वर्गातून दरवर्षी कुणीतरी असं मध्येच नाहीसं व्हायचं. बाक रिकामा दिसायचा आणि शिक्षिका हजेरी घेताना त्या नावाशी जराशा अडखळायच्या. बाबांच्या कमरेला पेजर होता. तो वाजला की ते गाडी बाजूला घेऊन टपरीवरच्या फोनवरून कंपनीच्या पीआरओशी, म्हणजे व्हिसाची कामं बघणाऱ्या माणसाशी बोलत आणि परत येऊन म्हणत, "ऑफिसचं." मला आता कळलं, ते काय विचारत असणार. अजून किती दिवस थांबवता येईल. पीआरओ दर वेळी एकच शब्द म्हणत असणार, इन्शाल्ला.

माझे दोन पेपर राहिले होते.

त्या दिवशी मी गाडीत बसले तेव्हा सगळं दिसलं. त्यांचा उजवा हात, डाव्यापेक्षा काळवंडलेला. स्टिअरिंग डावीकडे, म्हणजे खिडकी डाव्या हाताला, मग उजवा हात कसा? बराच वेळ ते शेजारच्या सीटवर सरकून बसत असणार, स्टिअरिंगपासून लांब, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याला वाटावं, कुणाची तरी वाट बघतोय. डबा रिकामा, धुतलेला. पाण्याची मोठी बाटली. टेपमध्ये ऑप्टिक्स. बाबांच्या स्वतःच्या नाट्यगीतांच्या कॅसेटी कुठेच नव्हत्या.

विचारलं नाही. "पेपर बरा गेला," एवढंच मी म्हणाले. तेही "छान" म्हणाले. गाडी पुलावर चढली, फ्रेंच मंडळी ओरडत होती, आणि आम्ही दोघं समोर बघत होतो.

दुसऱ्या दिवशी शबानानं माझ्या हातात आणखी एक कॅसेट ठेवली. "ह्यांचीच, दुसरी. तुला नाही, अंकलना. पहिली त्यांची पाठ झाली असेल." आणि मग कधी नव्हे ते हळू आवाजात, "माझ्या अब्बांना पण झालंय हे. ते मशिदीत जाऊन बसायचे. तुझ्या बाबांना कॅसेट आहे, बरंय."

मी तिच्यावर चिडले होते. आज त्या चिडण्याचं मला नवल वाटतं. तिनं आमची लाज पाहिली, एवढाच तिचा गुन्हा होता.

दुसरी कॅसेट पहिलीहून वेगवान होती, पण तिच्यात एक जागा होती. सगळा गोंगाट अचानक थांबतो, साधी गिटार वाजते, खूप मागून पुरुषांचे आवाज एकत्र काहीतरी म्हणतात, चर्चमध्ये म्हणावं तसं. मग पुन्हा कोसळतं. शेवटच्या पेपरला जाताना बाबांनी नेमकी ती जागा आली तशी बोट वर केलं.

"इथे थांबलेत बघ. थांबता आलं म्हणजे शिकले."

व्हिसा टिकला. कंपनीच्या मालकानं एवढं केलं. पंधरवड्यात आम्ही पुण्याला परतलो. मंडळात सांगितलं, आजोबांची तब्येत. आजोबा तेव्हा रोज पर्वती चढत होते. निरोपाच्या कार्यक्रमात बाबांना शाल आणि नारळ दिला, कुणीतरी म्हणालं, "वडिलांसाठी एवढं सोडून जाणारी माणसं आता राहिली कुठे?" टाळ्या वाजल्या. बाबांनी नमस्कार केला. त्यांना गायचा आग्रह झाला, तेव्हा घसा बसलाय म्हणाले. मी आईच्या शेजारी बसून शालीच्या काठाकडे बघत होते. कान गरम झालेले आठवतात. ते खोटं आम्ही तिघांनी इतकं नीट सांभाळलं, की पुढे घरातसुद्धा आजोबांच्या तब्येतीसाठी आलो असंच म्हटलं जाऊ लागलं. आजोबाही मान डोलवत.

तिसऱ्या अल्बमची कॉपी केलेली सीडी मला पुण्यात कॉलेजात मिळाली. तोवर फ्रेंच मंडळींना पैसे आणि स्टुडिओ दोन्ही मिळालं असावं. खरखर गेली होती. कीबोर्ड, व्हायोलिन, बाईचा आवाज, पंधरा पंधरा मिनिटांची गाणी. बाबा तेव्हा एका हार्डवेअरच्या दुकानाचे हिशेब लिहायचे. संध्याकाळी चहा घेताना अर्धी सीडी ऐकली आणि म्हणाले, "पानात फार पदार्थ वाढलेत."

चौथा आला तेव्हा मी परत इथे होते, पहिल्या नोकरीवर, अल नहदालाच चार मुलींत एक खोली. आता तिथे वाळू शोधावी लागत होती. या अल्बममध्ये ओरडणं जवळजवळ नव्हतंच. पियानो, सावकाश ड्रम, आणि तोच माणूस, पण आता बोलत होता. इंटरनेट कॅफेत जाऊन मी वाचलं, जुने चाहते त्याच्यावर फार संतापले होते. विकला गेला, मऊ झाला, दगा दिला. मला मात्र तो आवडला. पुण्याला जाणाऱ्या एका ओळखीच्या बाईंच्या सामानात ती सीडी घातली, बरोबर खजूर आणि केशर. आठवड्यानं फोनवर विचारलं.

"पहिलीच बरी होती," बाबा म्हणाले.

"मोरीतली?"

"हो. तेव्हा आपल्याला काय होतंय ते त्याला ठाऊक नव्हतं. आता ठाऊक आहे आणि तो नीट सांगतोय." मग, "नीट सांगणं चांगलंच असतं गं. पण मला त्याची ओळख आधीची आहे."

त्या मार्चच्या इतकं जवळ ते पुन्हा कधी आले नाहीत, आणि मीही नेलं नाही. मग मंडळी फुटली, बरीच वर्षं काही ऐकू आलं नाही. मी लग्न केलं, अन्वी झाली, मी जहाजांच्या तारखा आखू लागले. जहाज उशिरा येणार असेल तर आधी कळवायचं, हा माझ्या कामाचा पहिला नियम. लपवलेला उशीर दुप्पट महागात पडतो, असं मी नव्या मुलांना शिकवायचे.

गेल्या वर्षी ते परत एकत्र आले. मी फोनवर त्यांचा एक कार्यक्रम पाहिला. पोटं सुटलेली, दाढ्या पांढऱ्या, तोंडं रंगवायचं सोडलेलं. पहिली कॅसेट पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवली. बाबांचं भाकीत अर्धंच खरं ठरलं. आवाज गेलेला नाही, पण वरच्या जागी पोचत नाही. तिथे तो फाटतो आणि खाली येतो. नव्या अल्बममध्येही त्यांनी ते तसंच ठेवलंय, त्या उतरलेल्या तारेसारखं. उघड्या तोंडानं, सगळ्यांसमोर, न पोचणारा आवाज. गळ्यातल्या रिकाम्या पट्ट्याशी चाळा करत मी तो अल्बम या गल्लीत रोज ऐकते आहे.

आज अन्वीचा शेवटून दुसरा पेपर. सकाळी गाडीत बसता बसता तिनं विचारलं, "मम्मा, यू नेव्हर टॉक अबाउट ऑफिस एनीमोर. ऑल ओके?"

"ऑल ओके," मी म्हटलं. "मोल कॉन्सेप्ट बघितलास?"

तिनं माझ्याकडे बघितलं आणि मग समोर. ते समोर बघणं मी ओळखलं. पुलावरच्या पांढऱ्या गाडीतलं होतं ते. आमच्या घरात हे असं एकाकडून दुसऱ्याकडे जातं, कुणी न देता.

ती आत गेल्यावर मी गाडी भिंतीलगत लावली आणि पुण्याला फोन केला. बाबा आता ऐंशीच्या पुढे आहेत. कानाला यंत्र आहे, फोनवर ओरडून बोलतात.

"बाबा, मी ऊद मेथाला आहे. शाळेमागच्या गल्लीत. गाडीत."

"अन्वीचा पेपर ना आज? होऊ दे निवांत."

"मी रोजच असते इथे," मी म्हटलं. "सकाळपासून. महिना होत आला."

पलीकडे कुकरची शिट्टी ऐकू आली, आई कुणाला तरी दार लाव म्हणाली. मला वाटलं, यंत्र बंद पडलं.

मग बाबा म्हणाले, आणि आता ते ओरडत नव्हते, "सावलीत लावलीस का गाडी?"

"हो. झाडांखाली."

"ती सावली दुपारी पलीकडे जाते. तेव्हा हलव. मी पहिल्या दिवशी हलवली नव्हती." मग, "मंडळी आहेत का बरोबर?"

"आहेत."

"ऐकव."

मी फोन स्पीकरजवळ धरला. आम्ही दोघांनी एक गाणं पूर्ण ऐकलं. आवाज वर जाताना फाटला तिथे ते "अरेरे" म्हणाले, मंडळात कुणाचा सूर हुकला की म्हणायचे तसं, आणि हसले. नोकरीबद्दल त्यांनी काही विचारलं नाही. फोन ठेवताना एवढंच म्हणाले, "पोरीनं विचारलं तर सांग. तू विचारलं असतंस तर मी सांगितलं असतं, असं मला पुष्कळदा वाटतं. नक्की माहीत नाही."

मग मी पट्टा गळ्यातून काढला आणि खणात टाकला. सावली सरकताना दिसत होती. आधी बॉनेट उन्हात आलं, मग काच, मग माझे हात. मी गाडी हलवली नाही.

पेपर सुटला. पोरींचा घोळका फाटकातून बाहेर आला, मी हात केला, अन्वी धावत आली, दार उघडलं आणि सीटवर टेकते न टेकते तोच उडाली.

"मम्मा! व्हाय इज द कार सो हॉट?"

"कारण ती सकाळपासून इथेच उभी आहे," मी म्हटलं. "आणि मीही."